आईबाबांना घेऊन रोमानिया, प्रायव्हेट टूर: रंगवलेले मठ आणि तटबंदीची गावं, किती दिवस आणि कसं जमवावं?

पाचपाखाडीकर:

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन रोमानियाला जायचा विचार पक्का होत आलाय. मी, बायको, आई (64) आणि बाबा (69) असे चौघं. ग्रुप टूर नको हे सगळ्यांनीच एकमताने ठरवलंय, मागे एकदा युरोपची ग्रुप टूर केली होती त्यात सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, मग बस, मग पंधरा मिनिटं फोटो आणि परत बस, बाबा तर शेवटी खालीच उतरेनात. म्हणून यावेळी गाडी आणि ड्रायव्हर आपला, हवं तिथे थांबायचं.

रोमानियाच का असं सगळे विचारतात. आईने नौपाड्यातल्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, तिने कुठेतरी रोमानियाच्या उत्तरेतल्या बुकोविना भागातल्या मठांच्या चर्चचे फोटो पाहिले, बाहेरच्या भिंतीसुद्धा वरपासून खालपर्यंत रंगवलेल्या, आणि तेव्हापासून ती त्याच्याच मागे आहे. बाबांनी सह्याद्रीतले गड सगळे पालथे घातलेत, आता गुडघे कुरकुरतात पण तट आणि बुरूज दिसला की माणूस वेगळाच होतो, त्यांना ट्रान्सिल्व्हेनियातली तटबंदीची जुनी गावं बघायचीयेत जिथे लोक अजूनही आत राहतात.

एका एजंटने प्लॅन दिलाय. बुखारेस्टला उतरायचं, जाताजाता पेलेशचा राजवाडा आणि ब्रानचा किल्ला, मग ब्राशोव, सिगिशोआरा, सिबिऊ, ट्रान्सफगरशान घाट, मग एका दिवसात थेट सुचावा (मठांजवळचं शहर), दुसऱ्या दिवशी पाच मठ, आणि तिसऱ्या दिवशी परत बुखारेस्ट, सगळं मिळून सात रात्री. वर प्रत्येक पानावर ड्रॅक्युला. मला हे फार धावपळीचं वाटतंय पण त्यांचं म्हणणं मठ सगळे सारखेच असतात, एक बघितला की झालं.

तर कोणी गेलं असेल तर सांगा, मठांना खरंच एक दिवस पुरतो का, गुडघेदुखीवाल्यांना कुठे त्रास होईल, आई पूर्ण शाकाहारी आहे (अंडंही नाही) तिचं काय, आणि नुसता ड्रायव्हर पुरेल की गाइडही घ्यावा? बजेट ताणू शकतो पण उगीच नाही.

भटकी_खारघर:

अहो अगदी हाच प्रवास आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन केलाय त्यामुळे राहवत नाहीये, सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ते "मठ सगळे सारखेच" मनातून काढून टाका. एका दिवसात पाच केले तर नक्की सारखेच वाटतील, कारण तिसऱ्यापासून डोळे काही घेतच नाहीत. दोन दिवसांत चार करा, आणि तुमच्या आईंसाठी जमलं तर तीन दिवस द्या. प्रत्येकाची एक भिंत खास आहे, ती भिंत ठरवून जायचं आणि तिथे खुर्ची टाकून बसल्यासारखं बसायचं, बाकीचं आपोआप दिसतं.

व्होरोनेत्सला पश्चिमेची भिंत. अख्ख्या भिंतीवर अंतिम निवाडा, म्हणजे जगाच्या शेवटी होणारा देवाचा न्याय, एकही खिडकी नाही, ख्रिस्ताच्या पायापासून आगीची लाल नदी खाली वाहत येते आणि त्यात पापी लोक, आणि त्या पाप्यांमध्ये तुर्क आणि तातार मुद्दाम काढलेत, कारण त्या काळी मोल्दाव्हियाचं, म्हणजे या भागातल्या तेव्हाच्या राज्याचं, भांडण त्यांच्याशीच होतं. चर्च 1488 मध्ये श्टेफान चेल मारे या राजाने बांधलं, चार महिन्यांच्या आत उभं केलं म्हणतात, आणि बाहेरची चित्रं 1547 च्या सुमाराची, राजाच्या नंतरची. तिथला निळा रंग म्हणजे काय सांगू, फोटोत येतच नाही. पश्चिमेची भिंत असल्यामुळे दुपारनंतर जा, ऊन थेट चित्रावर येतं. उत्तरेची भिंत मात्र वाऱ्यापावसाने बरीच पुसलीये, तीही बघा, म्हणजे बाकीचं टिकलंय ते केवढं मोठं आहे ते कळतं.

मोल्दोवित्साला दक्षिणेची भिंत, कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) वेढा. खरा प्रसंग 626 सालचा, पण चित्रकाराने 1537 मध्ये काढताना शत्रू तुर्कांसारखे दाखवले आणि तोफाही दिल्या. म्हणजे ऐंशीएक वर्षांपूर्वी तुर्कांच्या हाती पडलेलं शहर त्यांनी भिंतीवर वाचवलं. माझ्या सासऱ्यांनी ते ऐकलं आणि बराच वेळ तिथून हललेच नाहीत.

सुचेवित्सा शेवटी ठेवा. ते चर्च मुळात किल्ल्यात आहे, चौकोनी तट, चार कोपऱ्यांना बुरूज, तुमच्या बाबांना तिथेच आवडेल आणि आईंना आतलं चर्च. उत्तरेच्या भिंतीवर स्वर्गाची शिडी आहे, तिरकी, खालून वर, एका बाजूला देवदूत ओळीने शिस्तीत उभे आणि दुसऱ्या बाजूला सैतान माणसांना पाय धरून खाली खेचतायत. हिरव्या रंगाची पार्श्वभूमी. बाकी ठिकाणी उत्तरेची भिंत गेली पण इथे तीच टिकलीये.

हुमोर लहानसं आहे, गुरा हुमोरुलुई या गावापासून जवळ, रंग लालसर, तिथे गर्दी कमी. पुत्नाला बाहेरची चित्रं नाहीत पण श्टेफान राजाची समाधी तिथे आहे, इतिहासाची ओढ असेल तर जा, नाहीतर सोडा.

राहायला गुरा हुमोरुलुई किंवा सुचेवित्सा गावातलं एखादं घरगुती पेन्सिउने (छोटं गेस्टहाउस) घ्या, सुचावा शहरात राहिलात तर रोज तासभर गाडीत जातो. आणि बुखारेस्टहून रोडने सुचावाला जाऊच नका, साडेचारशेच्या आसपास किलोमीटर आहे, पूर्ण दिवस खातो. बुखारेस्टहून सुचावाला छोटं विमान आहे, तासाभरात पोचता, ड्रायव्हरला तिथेच बोलवा, आधी मठ करा, मग हळूहळू खाली ट्रान्सिल्व्हेनियात या आणि बुखारेस्टहून घरी. एजंटचा प्लॅन उलटा करायचा बस.

शाकाहाराचं टेन्शन घेऊ नका, इथे एक गोष्ट फार उपयोगी पडते. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास असतात, त्यात मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही, त्यामुळे बऱ्याच हॉटेलांत उपवासाचा वेगळा मेनू असतो. "दे पोस्त" एवढं म्हणायचं. मक्याच्या पिठाची मामालिगा, लसणीचं तेल घातलेली वाटलेली बीन्स, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची झाकुस्का पावाला लावून, कोबीच्या पानात भात आणि मशरूम गुंडाळलेले सारमाले. फक्त एक लक्षात ठेवा, उपवासाच्या मेनूत कधीकधी मासे असतात त्यामुळे विचारून घ्या, आणि वांग्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज घालतात काही ठिकाणी, त्यात अंडं. सासूबाईंनी मेतकूट आणि भाजणी नेली होती, पेन्सिउनेच्या बाईंनी स्वयंपाकघर वापरू दिलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण थालीपीठ झालं.

गाइडबद्दल स्पष्ट मत. रोज गाइड नको, महाग पडतो आणि गाडीत पाचवा माणूस होतो. पण मठांच्या एका दिवसासाठी तिथला स्थानिक परवानाधारक गाइड घ्याच घ्या, ती चित्रं म्हणजे वाचायची गोष्ट आहे, वरून कुठून सुरुवात करायची आणि कोण संत कोण राजा हे आपल्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. काही मठांत एखादी ननच समजावून सांगते, इंग्रजी येत असेल तर फारच छान सांगतात.

वाशी_सेक्टर_९:

ताईंनी मठांचं छान लिहिलंय, मी तटबंदीच्या गावांचं लिहितो, बाबांसाठी.

एक पार्श्वभूमी माहीत असली की तिथलं सगळं जुळतं. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजाने, दुसरा गेझा, जर्मन लोकांना या सरहद्दीवर वसायला बोलावलं, जमीन आणि हक्क दिले, त्या बदल्यात सीमा राखा आणि शेती-धंदा वाढवा. यांना सॅक्सन म्हणतात. 1241 मध्ये मंगोल आले आणि सगळं उद्ध्वस्त करून गेले, त्यानंतर या लोकांनी दगडी तट बांधायला घेतले, आणि पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्यावर गावागावात चर्चलाच किल्ला केलं. म्हणजे आपल्याकडे राजा गड बांधतो, किल्लेदार नेमतो, तिथे गावकऱ्यांनी स्वतः बांधले आणि स्वतः लढवले. बाबांना हा फरक सांगून ठेवा, मग ते बुरूज बघण्याची मजा वेगळी.

सिगिशोआराला बुरुजांना गिल्डांची, म्हणजे एकेका धंद्याच्या संघांची, नावं आहेत. शिंप्यांचा बुरूज, चांभारांचा, कातडी कमावणाऱ्यांचा, दोर वळणाऱ्यांचा, कथील काम करणाऱ्यांचा. ज्या धंद्याचा बुरूज त्यानेच तो बांधायचा, दुरुस्त ठेवायचा, दारूगोळा भरायचा आणि हल्ला झाला की तिथे उभं राहायचं. चौदापैकी नऊ शिल्लक आहेत. घड्याळाचा बुरूज 64 मीटर उंच, आत म्युझियम आहे पण लाकडी जिने अरुंद आणि उभे, गुडघ्यांना जड जाईल, खालून बघितला तरी चालतो. टेकडीवरच्या शाळेत जायला 1642 मध्ये वरून छप्पर घातलेला लाकडी जिना केलाय, पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या, चढण तशी सोपी आहे आणि मध्ये टेकता येतं. संध्याकाळी दिवसाच्या बसेस गेल्या की गाव रिकामं होतं, म्हणून एक रात्र तिथेच काढा, दिवसाची धावती भेट म्हणजे गर्दी बघून येणं.

प्रेज्मेर कधीच सोडू नका, ब्राशोवजवळ आहे. गोल तट, जाड भिंती, बाहेरून साधा वाटतो, आत गेलं की आतल्या बाजूला मजल्यावर मजले खोल्या लागतात, अडीचशेहून जास्त. गावातल्या प्रत्येक घराची एक खोली ठरलेली, धान्य तिथेच साठवायचं, शत्रू आला की सगळं कुटुंब त्या खोलीत. मुलांसाठी शाळेची खोलीही आत होती, वेढा पडला तरी शिकवणं थांबत नसे. मला इतर कुठल्याही किल्ल्याइतकंच हे मोठं वाटलं, कारण इथे राजाचं काहीच नाही, सगळं गावाचं.

बिएर्तानला तीन पदरी तट आणि चर्चच्या आतल्या खोलीच्या दाराला कुलूप असं की एका किल्लीने चहूबाजूंचे डझनभराहून जास्त खटके एकदम सरकतात, 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते दाखवलं होतं. तिथेच एक छोटी खोली आहे, घटस्फोट मागणाऱ्या नवराबायकोला म्हणे त्यात ठेवायचे, एक पलंग, एक ताट, एक चमचा. लोककथा किती आणि खरं किती कोण जाणे पण खोली आहे.

आता खटकणारी गोष्ट. यातले बहुतेक सॅक्सन लोक आता तिथे नाहीत. कम्युनिस्ट काळात आणि 1989 नंतर मोठ्या संख्येने जर्मनीला निघून गेले. त्यामुळे बऱ्याच गावांत चर्चची किल्ली एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे किंवा शेजाऱ्याकडे असते, ड्रायव्हर स्थानिक असेल तर तो फोन करून उघडून घेतो. प्रायव्हेट टूरचा खरा फायदा मला तिथे दिसला.

पाचपाखाडीकर:

बापरे, तुम्ही दोघांनी एवढं मनापासून लिहिलंत, आत्ता आईबाबांना तलावपाळीवर बसून वाचून दाखवलं. बाबांनी प्रेज्मेरचं दोनदा वाचायला लावलं. आईचा प्रश्न आहे, भिंती बाहेर उघड्यावर आहेत, थंडीत तिथे बर्फ पडतो, तर पावणेपाचशे वर्षं रंग राहिले कसे? अजिंठा तर लेण्यात आत आहे तरी किती झडलंय.

आणि ट्रान्सफगरशान घाट खरंच घ्यावा का? एजंट त्यावरच अडून बसलाय.

भटकी_खारघर:

आमच्या गाइडने सांगितलेलं सांगते. ती भित्तिचित्रं ओल्या चुन्यावर काढलेली आहेत, गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या चुन्याच्या थरातच अडकतात, म्हणजे रंग भिंतीच्या वर बसत नाही, भिंतीचाच होतो. अजिंठ्याला मातीच्या गिलाव्यावर वर चुन्याचा पातळ हात देऊन सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून रंग लावलेत, त्यामुळे गिलावा सुटला की चित्र जातं. ओल्या चुन्याच्या पद्धतीत चित्रकाराला घाई असते, दिवसभरात सुकेल तेवढाच गिलावा लावायचा आणि तेवढंच रंगवायचं, आईंना हे तिथे भिंतीवर जोड शोधताना फार आवडेल, जवळून बघितलं तर दिसतात. शिवाय त्या चर्चची छपरं बघा, टोपीसारखी पुढे खूप आलेली, पाऊस भिंतीवर येतच नाही फारसा. जिथे वारा तिरका येतो तिथेच गेलंय.

बाहेर का रंगवलं तर चर्च आतून लहान, सगळे मावायचे नाहीत, सैन्य आणि गावकरी बाहेर अंगणात उभे राहायचे, त्यांच्यासाठी भिंतच पोथी झाली, असं तिथे सांगतात.

घाटाबद्दल, तो रस्ता वर्षातले बरेच महिने बर्फामुळे बंद असतो, साधारण जूनअखेर ते ऑक्टोबर उघडतो. सप्टेंबरमध्ये उघडा असेल पण तो सिबिऊच्या बाजूला आहे आणि वळणं इतकी की सासूबाईंना उलट्या झाल्या असत्या. मी सोडला. त्यापेक्षा बुकोविनातून खाली येताना बिकाझची खिंड आणि लाकुल रोशू तळं वाटेतच लागतं, 1837 मध्ये दरड कोसळून नदी अडली आणि तळं झालं, पाण्यात जुन्या झाडांचे बुंधे अजून उभे आहेत. तिथे जेवण करा. तो पल्ला लांब आहे, सुचावा ते ब्राशोव एका दमात करू नका, मध्ये पियात्रा न्याम्त्सच्या आसपास मुक्काम टाका.

नेरुळ_पूर्व:

व्हिसा-पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

रोमानिया आता पूर्ण शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, विमानतळांसाठी मार्च 2024 पासून आणि रस्त्याच्या सीमांसाठी 1 जानेवारी 2025 पासून. म्हणजे शेंगेन व्हिसा लागेल, फी मोठ्यांना 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ज्येष्ठांसोबत जाताय तर निदान अडीच-तीन महिने हातात ठेवा. प्रायव्हेट टूर असली तरी प्रत्येक रात्रीचं बुकिंग कागदावर हवं, "ड्रायव्हर बघेल" चालत नाही. वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात थांबणार असाल तर जिथे जास्त रात्री तिथला अर्ज.

मुंबईहून थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा दोहा असं एकदा बदलून बुखारेस्ट. ज्येष्ठांना व्हीलचेअर बुकिंग करतानाच टाका, बाबा नको म्हणाले तरी टाका, मधल्या विमानतळावर चालणं फार पडतं.

चलन युरो नाही, लेऊ आहे. एका युरोला साधारण पाच लेऊ. कार्ड शहरात सगळीकडे चालतं, मठांत आणि खेड्यातल्या चर्चमध्ये रोख सुटे ठेवा, तिकीट थोडकंच असतं पण फोटोचे पैसे वेगळे घेतात आणि आत फोटोला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे.

कोटेशन मागताना लेखी विचारा: पेट्रोल, पार्किंग, टोल धरलाय का, ड्रायव्हरचं राहणं-जेवण कुणाकडे, दिवसाला किती किलोमीटरनंतर जादा, गाडी कुठली (चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या कारमध्ये बसत नाहीत, व्हॅन सांगा). आणि मठांची तिकिटं "इन्क्लुडेड" म्हणजे नेमकी कुठली.

घोडबंदर_रोडवरून:

माझं थोडं वेगळं मत. सगळ्या दिवसांसाठी गाडी-ड्रायव्हर कशाला? बुकोविनात गाडीशिवाय होत नाही हे मान्य, मठ एकमेकांपासून लांब आणि मधे बस फारशी नाही. पण ब्राशोव, सिगिशोआरा, सिबिऊ ही शहरं ट्रेनने जोडलेली आहेत, आतलं जुनं शहर चालतच बघायचं असतं, गाडी तर तटाच्या आत जातही नाही. ब्राशोवला मुक्काम ठेवून एक दिवस प्रेज्मेर आणि विस्क्री या तटबंदीच्या गावांसाठी गाडी घ्या, बाकी पैसे वाचवा आणि ते चांगल्या हॉटेलवर घाला. ब्राशोवला दोन रात्री तर हव्यातच, काळं चर्च नीट बघा, 1689 च्या आगीत जळालं म्हणून ते नाव, आणि आत तुर्की गालिच्यांचा संग्रह आहे, शंभराहून जास्त, सॅक्सन व्यापाऱ्यांनी चर्चला दिलेले. ज्या तुर्कांपासून वाचायला तट बांधले त्यांचेच गालिचे चर्चच्या भिंतींवर लावले, धंदा थांबला नव्हता. जुन्या शहरात रुमानियन लोकांना घर करू देत नसत, ते तटाबाहेर श्केई भागात राहायचे, तिथे त्यांची पहिली रुमानियन शाळा आहे, तीही बघा म्हणजे दुसरी बाजू कळते.

भटकी_खारघर:

@घोडबंदर_रोडवरून तरुण दोघंच असते तर मीही ट्रेन म्हटलं असतं. तिथल्या ट्रेन हळू आहेत, उशीर होतो, डब्यात चढायला पायऱ्या उंच आणि बॅगा आपल्यालाच उचलायच्या. साठी ओलांडलेल्या दोघांना घेऊन स्टेशनवर थांबणं आणि बॅगा चढवणं यात अख्खी सकाळ जाते. शिवाय सिगिशोआरा ते सिबिऊ वाटेतच बिएर्तान आहे, ट्रेनने ते सुटतं. पण ब्राशोवच्या दोन दिवसांपैकी एक दिवस ड्रायव्हरला सुट्टी द्या हे मात्र पटलं, आम्हीही तसंच केलं होतं, त्यालाही बरं वाटतं आणि पैसेही कमी होतात.

आणि हो, सिगिशोआराला तटाच्या आत हॉटेल घेतलंत तर बॅगा खडबडीत दगडी रस्त्यावरून ओढाव्या लागतील, हॉटेलला आधी विचारा वरपर्यंत गाडी सोडायची परवानगी मिळते का, काही जण सामानासाठी सोय करतात. जोडे सपाट आणि चांगल्या पकडीचे, ओल्या दगडावर घसरतं.

वाशी_सेक्टर_९:

ब्रानबद्दल राहिलं. एजंट सोडणार नाही म्हणून सांगतो. 1377 मध्ये हंगेरीच्या राजाने ब्राशोवच्या लोकांना खिंडीवर किल्ला बांधायची परवानगी दिली, व्यापाराच्या रस्त्यावर जकात आणि पहारा असं त्याचं काम. किल्ला म्हणून छान आहे. ड्रॅक्युलाच्या नावामागचा व्लाद त्सेपेश तिथे राहिला असा काही पुरावा नाही, त्याचा खरा संबंध सिगिशोआराशी, तिथे तो जन्मला असं मानतात. आत जिने अरुंद, गर्दी प्रचंड. बाबांना बाहेरून दाखवा आणि तो वेळ विस्क्रीला द्या. विस्क्रीचं पांढरं चर्च, त्याचा तट आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची रंगीत घरं सगळं एकत्र बघायला मिळतं, गाव अजून जिवंत आहे, लोक गाई संध्याकाळी रस्त्यानेच घरी आणतात. इंग्लंडच्या राजा चार्ल्सचं तिथे घर आहे, जुनी घरं वाचवायला त्यांनी बरीच मदत केलीये.

पेलेश बघणार असाल तर सोमवारी बंद असतो, तारखा त्याप्रमाणे लावा. पण तो एकोणिसाव्या शतकातला राजवाडा आहे, तुमच्या विषयात बसत नाही, वेळ उरला तरच.

माजिवड्याहून:

एक सुचवू का. जाण्याआधी एक रविवार आईबाबांना घेऊन वसईच्या किल्ल्यात जाऊन या, बाबा गेलेच असतील पण यावेळी या नजरेने. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतला म्हणून आपल्याला ठाऊक, पण आत पोर्तुगीजांचं अख्खं तटबंदीचं शहर होतं, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट सगळ्यांचे मठ आणि चर्च एकाच तटात. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत अजून कोरलेल्या थडग्यांचे दगड आहेत. मठाचं अंगण कुठे, राहायच्या खोल्या कुठे, चर्च कुठल्या दिशेला, हे तिथे पायाखालून गेलं की रोमानियात उलगडायला सोपं जातं. घोडबंदरहून जवळ आहे, सकाळी लवकर निघा.

पाचपाखाडीकर:

वसईचं बाबांना सांगितलं, ते म्हणाले मी तिथे तट बघितला, चर्च कधी बघितलंच नाही, पुढच्या रविवारी जातोय.

मग आता असं ठरतंय. बुखारेस्टहून विमानाने सुचावा, गुरा हुमोरुलुईला तीन रात्री, मध्ये एक दिवस मठांसाठी स्थानिक गाइड. मग बिकाझमार्गे खाली येताना एक मुक्काम. मग ब्राशोव दोन, तिथून प्रेज्मेर आणि विस्क्री. मग सिगिशोआरा एक, बिएर्तानवरून सिबिऊ दोन, शेवटी बुखारेस्ट एक. दहा रात्री होतायत. ट्रान्सफगरशान आणि ब्रान काढलं. एजंटला हे पाठवलं तर तो म्हणतो एवढा वेळ मठांत लोक कंटाळतात. मी त्याला सांगितलं की आमच्या आईसाठीच चाललोय, तेव्हा कुठे नवीन कोटेशन देतो म्हणाला.

शेवटचे दोन प्रश्न. मठात कपड्यांचं काही बंधन? आणि आई म्हणते तिला तिथे बसून स्केच करायचंय, चालेल का?

भटकी_खारघर:

दहा रात्रींचा प्लॅन फार सुंदर झालाय. सिबिऊच्या दोन रात्रींत एक सकाळ ब्रुकेन्थाल म्युझियमला द्या, 1817 पासून लोकांसाठी खुलं आहे, आईंना आवडेल, आणि वरच्या चौकातून घरांची छपरं बघा, माळ्याच्या खिडक्या अर्धवट उघड्या डोळ्यांसारख्या दिसतात.

कपडे: गुडघे आणि खांदे झाकलेले. बायकांना आत जाताना डोक्यावर ओढणी घ्यायला सांगू शकतात, दारात गुंडाळायला स्कर्टसारखं कापडही ठेवलेलं असतं. सासूबाई साडीत होत्या, पदर डोक्यावर घेतला आणि नन खूश झाल्या, हात धरून आत घेऊन गेल्या. बाबांनी टोपी काढायची.

स्केचबद्दल: बाहेर अंगणात बसून काढायला आम्हाला तरी कुणी अडवताना दिसलं नाही, तरी दारावरच्या ननला विचारून घ्या, ते त्यांचं राहतं घर आहे. घडीचं छोटं स्टूल न्या, अंगणात बाकं थोडी आहेत आणि भिंतीला टेकू देत नाहीत. प्रार्थनेआधी एक नन लांब लाकडी फळी खांद्यावर घेऊन छोट्या हातोडीने ठोकत चर्चभोवती फिरते, तिला तोआका म्हणतात, वेळ विचारून ठेवा आणि तेव्हा अंगणातच असा. सुचेवित्साजवळ मार्जिनेया गावात काळी मातीची भांडी घडवतात, कुंभार समोरच चाकावर काम करत असतो, आणि मोल्दोवित्साच्या वाटेवर वामा गावात रंगवलेल्या अंड्यांचं म्युझियम आहे, मेण आणि रंगांनी इतकं बारीक काम की आईंना तिथून बाहेर काढायला वेळ लागेल, तो वेळ धरूनच ड्रायव्हरला सांगा. एजंटचं नवीन कोटेशन आलं की इथेच टाका, बघून सांगते.